अटलांटिकचे मंदावणारे अभिसरण आणि हवेचे तापमान : एका प्रश्नाचा इतिहास

भूपृष्ठाचे व त्यालगतच्या हवेचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चढत आले आहे. १८५० ते १९०० ह्या कालखंडाच्या तुलनेने २०११ ते २०२० ह्या दशकातील जागतिक पृष्ठतापमान १.०९ अंश सेल्सियसने अधिक होते, असा निर्वाळा हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाने २०२१ च्या अहवालात दिला आहे. तथापि ह्या वाढीच्या नकाशावर एक ठळक अपवाद दृष्टीस पडतो. ग्रीनलंडच्या दक्षिणेस उत्तर अटलांटिक महासागराचा एक भाग असा आहे की, जेथे गेल्या शतकभरात पृष्ठाचे तापमान वाढलेले नाही. उलट ते काहीसे उतरले आहे. हा थंड पट्टा म्हणजे अटलांटिकच्या अभिसरणाला आलेल्या मंदपणाची खूण होय, असे कित्येक अभ्यासकांचे मत आहे.

येथे अभिसरण म्हणजे केवळ वाऱ्याने ढकलल्या जाणाऱ्या पृष्ठप्रवाहांची हालचाल नव्हे. उष्ण कटिबंधातील कोमट व खारे पाणी पृष्ठभागावरून उत्तरेकडे जाते. वाटेत ते आपली उष्णता हवेला देते. ग्रीनलंड, आइसलंड व नॉर्वे ह्यांच्या आसपास ते थंड व जड होऊन खाली बुडते. आणि नंतर खोलवरून दक्षिणेकडे परतते. ह्या उभ्या चक्राला येथे ‘उभे अभिसरण’ असे म्हटले आहे. २६ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास ते सुमारे १.३ पेटावॉट, म्हणजे १,३०० लाख कोटी वॉट इतकी उष्णता उत्तरेकडे वाहून नेते.

हे अभिसरण मंदावले तर पृष्ठालगतच्या हवेचे तापमान वाढेल की घटेल? प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. परंतु २०१८ व २०२० ह्या दोन वर्षी नामांकित संशोधकांनी त्याला एकमेकांच्या नेमकी उलट अशी उत्तरे दिली. हा मतभेद समजून घ्यावयाचा, तर प्रश्नाचा पूर्वेतिहास पाहणे अवश्य ठरते. कारण ह्या विषयात तापमान हे अभिसरणाचे कार्यही आहे आणि बहुतांश काळ तेच अभिसरणाचा एकमेव पुरावाही राहिले आहे. साक्षीदार आणि वादविषय एकच असल्यामुळे जी अडचण उत्पन्न होते, तिचाच हा इतिहास आहे.

१. तळाचे थंड पाणी

१७५१ साली हेन्री एलिस हा इंग्रज कप्तान गुलामांच्या व्यापारातील एक जहाज घेऊन अटलांटिकमधून जात होता. स्टीफन हेल्स ह्या शास्त्राभिरुची असलेल्या धर्मोपदेशकाने बनविलेले एक उपकरण त्याच्याजवळ होते. ती एक झडपा बसविलेली बादली होती. खाली जाताना तिच्यातून पाणी आरपार वाही, आणि वर ओढताना झडपा मिटून त्या खोलीवरचे पाणी आत अडके. सुमारे २५ अंश उत्तर अक्षांशावर एलिसने ती दोराने खोल सोडली. पृष्ठावर ८४ अंश फॅरेनहाइट तापमान होते. ३,९०० फुटांवरून आलेले पाणी ५३ अंश भरले. त्याने बादली ५,३४६ फुटांपर्यंत उतरविली, तरी आकडा त्याहून खाली आला नाही. बादली वर येईपर्यंत पाणी वाटेत तापत असल्याने प्रत्यक्ष तापमान ह्याहूनही कमी असले पाहिजे. एलिसला ह्या शोधाचा एक घरगुती उपयोग तेवढा सुचला : स्नानासाठी आणि मद्य गार करण्यासाठी हे पाणी सोयीचे पडले. ज्या जहाजावर माणसे मालासारखी कोंबली जात, त्याच जहाजावर खोल समुद्राचे हे पहिले महत्त्वाचे मापन घडले, ही गोष्टही इतिहासाने विसरण्यासारखी नाही.

ह्या आकड्याचा अर्थ लावण्याचे काम पुढे रमफर्डने केले. उष्ण कटिबंधात हवा कधीच इतकी थंड होत नाही. भूमीचा आतील भागही थंड नाही. तेव्हा हे पाणी तेथे निर्माण झालेले असू शकत नाही. ते ध्रुवप्रदेशातून तळाने आले असले पाहिजे, आणि त्याची जागा भरून काढण्यासाठी पृष्ठावरून उलट दिशेने पाणी जात असले पाहिजे, असे अनुमान त्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडले. कोत्सेबूच्या १८२३ ते १८२६ च्या जलप्रवासात भाग घेतलेल्या एमिल लेन्झने आपल्या मापनांच्या आधारे १८४५ मध्ये हीच कल्पना अधिक व्यवस्थित केली.

येथे एक मुद्दा ध्यानात ठेवणे इष्ट आहे. तळाकडे उतरणारे पाणी थंड असते. म्हणजे बुडण्याच्या क्रियेने खोल समुद्राला उष्णता मिळत नसून गारवा मिळतो. जे पाणी बुडते, ते आपली ऊब आधीच हवेच्या स्वाधीन करून चुकलेले असते. एलिसच्या बादलीतून निघणारा हा निष्कर्ष पुढील वादात निर्णायक ठरणार होता.

२. गल्फ प्रवाह आणि युरोपची ऊब

ह्याच सुमारास दुसऱ्या बाजूने पृष्ठप्रवाहांचा अभ्यास सुरू झाला होता. इंग्लंडहून अमेरिकेस जाणाऱ्या टपालाच्या जहाजांना इतर जहाजांपेक्षा अधिक दिवस का लागतात, ह्याचा शोध घेताना बेंजामिन फ्रँकलिनने आपला नातलग टिमथी फोल्जर ह्या देवमाशांच्या शिकारीतील अनुभवी कप्तानाकडून गल्फ प्रवाहाचा मार्ग जाणून घेतला व त्याचा नकाशा छापविला. नंतरच्या आपल्या सागरप्रवासांत त्याने तापमापक पाण्यात बुडवून प्रवाहाच्या कडा ओळखण्याची पद्धत अवलंबिली. प्रवाह डोळ्यांनी दिसत नाही, तो तापमापकाने ओळखावयाचा, ही रीत तेव्हापासून रूढ झाली.

१८५५ मध्ये अमेरिकन नौदलातील मॅथ्यू मॉरी ह्याने सागराच्या भौतिक भूगोलावरील आपल्या ग्रंथात पश्चिम युरोपचा सौम्य हिवाळा हा गल्फ प्रवाहाचा प्रसाद असल्याचे मोठ्या आवेशाने प्रतिपादन केले. ही समजूत सर्वसामान्य वाचकांच्या मनात इतकी खोल रुजली की, ती आजही पुरती सुटलेली नाही. तिला आकड्यांचा आधार देण्याचा यत्न जेम्स क्रॉल ह्या स्कॉटिश अभ्यासकाने केला. ग्लासगो येथील एका विद्यालयाच्या संग्रहालयात पहारेकऱ्याचे काम करीत असता तेथील ग्रंथालयाच्या बळावर त्याने स्वतःचे शिक्षण केले होते. १८७५ च्या आपल्या ग्रंथात त्याने गल्फ प्रवाह किती उष्णता वाहून नेतो ह्याचे गणित मांडले, आणि प्रवाह वळले वा क्षीण झाले तर हवामान पालटते, असा सिद्धान्त हिमयुगांच्या उपपत्तीशी जोडून दिला. प्रवाहांचे बळ आणि हवेचे तापमान ह्यांचा कार्यकारणभाव अशा स्पष्ट शब्दांत मांडणाऱ्यांत क्रॉलचे स्थान अग्रगण्य आहे.

मात्र प्रवाहांना चालना कशाने मिळते, ह्याविषयी त्याचा विल्यम कारपेंटर ह्यांच्याशी तीव्र वाद झाला. क्रॉलच्या मते सर्व श्रेय वाऱ्याचे होते. कारपेंटर हे ध्रुवाकडील पाण्याच्या थंडपणाला व त्यामुळे वाढणाऱ्या घनतेला महत्त्व देत. आजच्या दृष्टीने दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते : वारा आणि घनता ह्या दोहोंवाचून हे चक्र चालत नाही.

१९०६ मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ चेंबर्लिन ह्यांनी आणखी धाडसी कल्पना मांडली. पूर्वीच्या उबदार भूयुगांत खोल अभिसरणाची दिशाच उलट असावी. उष्ण कटिबंधातील अति खारे पाणी तेथेच बुडून ध्रुवाकडे वर येत असावे, असे त्यांनी सुचविले. महासागराची एकाहून अधिक प्रकारची चाल असू शकते, हा विचार येथे प्रथमच ठळकपणे पुढे आला. पण त्याची पारख करण्याजोगी मापने त्या काळी नव्हती. १९२५ ते १९२७ ह्या वर्षांत ‘मेटिओर’ ह्या जर्मन जहाजाने अटलांटिकचे अनेक आडवे छेद घेतले, तेव्हा कोठे खोल पाण्याच्या थरांचे चित्र सुसंगत झाले.

३. दोन पात्रांचे प्रतिमान

वातावरणाच्या बाजूने ह्या प्रश्नाला हातभार लागला तो अंशतः भारतातून. १९०४ ते १९२४ ह्या काळात भारतीय वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनच्या अंदाजासाठी जगभरच्या हवादाबाच्या व तापमानाच्या नोंदींचे परस्परसंबंध तपाशीत होते. त्या प्रचंड आकडेमोडीतून, आइसलंड व अझोर्स ह्यांच्या आसपासच्या हवादाबांत एक प्रकारचे आंदोलन चालते, हे त्यांनी दाखविले आणि १९२४ मध्ये त्यास ‘उत्तर अटलांटिक आंदोलन’ हे नाव दिले. अटलांटिकवरील हवेच्या तापमानाचे चढउतार केवळ समुद्राच्या नव्हे, तर वाऱ्यांच्या बदलानेही होतात, ह्याचे भान येथून आले.

ही दोन कारणे वेगळी करण्याची रीत याकोब बियर्कनेस ह्यांनी १९६४ मध्ये सुचविली. वर्षावर्षाचे फेरबदल मुख्यतः वाऱ्यांमुळे घडतात, त्यात समुद्र हा सोसणारा असतो. परंतु अनेक दशकांचे फेरबदल पाहिले, तर तेथे समुद्राचे अभिसरण कर्त्याच्या भूमिकेत येते, असे त्यांचे मत होते. पुढील संशोधनात ह्या भेदाचा वारंवार उपयोग झाला.

ह्याच्या तीन वर्षे आधी, १९६१ मध्ये, हेन्री स्टोमेल ह्यांनी एक छोटा लेख प्रसिद्ध केला होता. त्यात त्यांनी महासागराच्या जागी दोन पात्रे कल्पिली. एक पात्र उष्ण व खारे, दुसरे थंड व गोड. दोन्ही तळाशी नळीने व वर पन्हळीने जोडलेली. थंडपणा पाणी जड करतो, खारेपणाही जड करतो. पण येथे ही दोन कारणे परस्परविरुद्ध दिशांनी ओढतात. तापमानाचा फरक हवेच्या संपर्काने लवकर पूर्ववत होतो. क्षारतेला मात्र अशी सोय नाही, कारण पाऊस पडताना खालचे पाणी किती खारे आहे ह्याची विचारपूस करीत नाही. ह्या साध्या असमानतेमुळे एकाच बाह्य परिस्थितीत प्रवाहाच्या दोन स्थिर अवस्था संभवतात, एक जोमदार व दुसरी क्षीण आणि उलट दिशेची, असे स्टोमेल ह्यांनी गणिताने सिद्ध केले. निसर्गातही असे असेल, तर पुरेशा धक्क्याने महासागर एका अवस्थेतून दुसरीत जाऊ शकेल आणि हवामानबदलाच्या विचारात त्याला स्थान राहील, असे त्यांनी लेखाच्या शेवटी सूचित केले.

ह्या प्रतिमानाचे मर्म असे : अभिसरण स्वतःच खारे पाणी उत्तरेस आणते, आणि त्या खारेपणाच्या बळावरच ते पाणी बुडते. अभिसरण मंदावले की खारे पाणी कमी येते. त्यामुळे उत्तरेचे पाणी हलके होते. त्यामुळे अभिसरण आणखी मंदावते. वितळणाऱ्या हिमाचे वा वाढत्या पावसाचे गोड पाणी ह्या चक्राला आरंभीचा धक्का देऊ शकते. लेख प्रसिद्ध झाला तेव्हा त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

४. हिमातील नोंद

हे लक्ष वेधले गेले ते ग्रीनलंडच्या हिमातून. १९६६ मध्ये कॅम्प सेंच्युरी येथे अमेरिकनांनी हिमस्तराच्या तळापर्यंत वेध घेतला. त्या हिमदंडातील प्राणवायूच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजून डॅनिश शास्त्रज्ञ विली डान्सगार्ड ह्यांनी प्राचीन तापमानाचा आलेख तयार केला. गेल्या हिमयुगात ग्रीनलंडवरील तापमान वारंवार एकाएकी चढले व पुन्हा उतरले, असे त्यात दिसले. १९८१ मध्ये डाय-३ ह्या स्थळी काढलेल्या दुसऱ्या हिमदंडाने त्यास दुजोरा दिला. १९९२ व १९९३ मध्ये हिमस्तराच्या माथ्यावर पुऱ्या झालेल्या दोन वेधांनी शंकेला जागा ठेविली नाही. ‘यंगर ड्रायस’ म्हणून ओळखले जाणारे, सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचे शीतपर्व जेव्हा संपले, तेव्हा ग्रीनलंडचे तापमान काही दशकांच्या आतच सुमारे १० अंशांनी वाढले.

इतका जलद बदल कशाने होईल? १९८४ मध्ये स्विस शास्त्रज्ञ हान्स ओश्गर ह्यांचे व्याख्यान ऐकताना वॅलेस ब्रोकर ह्यांना अटलांटिकचे अभिसरण बंद पडणे व सुरू होणे ही उपपत्ती सुचली. १९८५ मध्ये त्यांनी ती दोन सहकाऱ्यांसह मांडली, आणि १९८७ मध्ये अभिसरणाला ‘वाहक पट्ट्या’ची उपमा देऊन ती लोकप्रिय केली. स्टोमेल ह्यांचा विस्मृत लेख पुन्हा वाचला जाऊ लागला.

पण येथेही जुनी अडचण होतीच. हिमदंड तापमान सांगतो, प्रवाह सांगत नाही. थंडी पडली म्हणून प्रवाह थांबला असेल, आणि प्रवाह थांबला असे मानून थंडीचे कारण सांगावयाचे, हा युक्तिवाद वर्तुळात फिरतो. त्यातून वाट काढणारा पुरावा २००४ मध्ये मिळाला. युरेनियमच्या ऱ्हासातून समुद्राच्या पाण्यात थोरियम व प्रोटॅक्टिनियम ही दोन मूलद्रव्ये ठरावीक प्रमाणात निर्माण होतात. थोरियम लगेच गाळाला चिकटते, प्रोटॅक्टिनियम अधिक काळ पाण्यात राहून प्रवाहाबरोबर दूर जाते. बर्म्यूडाजवळील गाळात त्यांचे प्रमाण तपासता, सुमारे १७,५०० वर्षांपूर्वी अभिसरण जवळजवळ थांबले होते व यंगर ड्रायसच्या काळात ते क्षीण झाले होते, असे आढळले. तापमानाचा आधार न घेता अभिसरणाची साक्ष मिळाल्यामुळे ह्या शोधाचे मोल मोठे आहे.

अंटार्क्टिकाच्या हिमाने आणखी एक गोष्ट शिकविली. ग्रीनलंड गोठत असता दक्षिण ध्रुवाकडील तापमान हळूहळू वाढत होते. अभिसरण थांबले की उत्तरेकडे जाणारी उष्णता दक्षिणेतच साचते. दोन गोलार्धांचे पारडे असे खालीवर होते. अभिसरणाच्या मंदतेचा पहिला परिणाम सबंध पृथ्वी तापणे वा निवणे हा नसून उष्णतेची वाटणी बदलणे हा होय, हे यावरून स्पष्ट झाले.

ही वाटणी भारतापासून दूर राहिली नाही. अरबी समुद्राच्या ईशान्य भागातील, पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोरील गाळाचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. गेल्या १,१०,००० वर्षांतील ग्रीनलंडच्या शीतपर्वांशी जुळणारे मंद मान्सूनचे थर त्या गाळात आढळले. जोमदार मान्सूनच्या काळी समुद्रात जीवद्रव्य विपुल होऊन गाळ गडद होतो. उत्तर अटलांटिक थंड असता तो फिका पडलेला दिसतो.

५. संगणकावरील प्रयोग

महासागरावर प्रयोग करता येत नाही. संगणकातील प्रतिमानावर येतो. मानाबे व स्टाउफर ह्यांनी १९८८ मध्ये वातावरण व महासागर जोडलेल्या प्रतिमानात अभिसरणाच्या दोन स्थिर अवस्था दाखविल्या. १९९३ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दुप्पट व चौपट केले. दुपटीत अभिसरण मंदावून काही शतकांनी सावरले; चौपटीत ते जवळजवळ थांबून तसेच राहिले. पृथ्वी तापत असता उत्तर अटलांटिकच्या परिसरात मात्र तापमानवाढ मंद राहिली. ग्रीनलंडच्या दक्षिणेचा थंड पट्टा चर्चेत येण्यापूर्वीच त्याचे हे पूर्वचित्र होते. मानाबे ह्यांना २०२१ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

२००२ मध्ये ब्रिटिश संशोधक वेलिंगा व वुड ह्यांनी आपल्या प्रतिमानात गोडे पाणी ओतून अभिसरण बंद पाडले. उत्तर गोलार्धाच्या मोठ्या भागात हवेचे तापमान उतरले. वायव्य अटलांटिकवर ही घट काही ठिकाणी ८ अंशांपर्यंत गेली. दक्षिण गोलार्धात किंचित वाढ झाली. आणि उष्ण कटिबंधातील पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकला. ह्या घटीत समुद्रबर्फाचा वाटा मोठा असतो. पाणी थंडावले की बर्फ पसरतो, सूर्यप्रकाश परत फेकतो, आणि समुद्राची उष्णता हवेला मिळू देत नाही. म्हणूनच परिणाम हिवाळ्यात अधिक तीव्र असतो.

त्याच वर्षी रिचर्ड सीगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉरीच्या जुन्या समजुतीची झडती घेतली. युरोपचा हिवाळा त्याच अक्षांशावरील अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा सौम्य असण्याचे मुख्य कारण प्रवाह नसून वारे होत. रॉकी पर्वतामुळे वाऱ्यांना पडणारे वळण, आणि उन्हाळ्यात समुद्राने साठविलेली उष्णता हिवाळ्यात पश्चिमी वाऱ्यांनी युरोपवर येणे, ही दोन कारणे त्यांनी पुढे केली. प्रवाहांनी आणलेल्या उष्णतेचे विशेष महत्त्व नॉर्वेच्या बाजूचा समुद्र बर्फमुक्त राखण्यात आहे, असे त्यांनी दाखविले. अभिसरण मंदावल्यास युरोपवर हिमयुग येईल, ही भीती ह्यामुळे अवास्तव ठरते. परंतु तापमानावर परिणामच होणार नाही, असा अर्थ काढणेही तितकेच चूक होय.

६. मोजमापाचा प्रश्न

आतापर्यंतचा पुरावा प्राचीन काळाचा वा प्रतिमानांतील होता. सांप्रत अभिसरण मंदावत आहे काय, ह्याचे उत्तर प्रत्यक्ष मापनानेच मिळावयास हवे. २५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे एलिसने बादली सोडली त्याच पट्ट्यात, १९५७, १९८१, १९९२, १९९८ व २००४ साली जहाजांनी अटलांटिकचा संपूर्ण छेद घेतला होता. त्या पाच छेदांची तुलना करून हॅरी ब्रायडन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अभिसरण सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे जाहीर केले. वृत्तपत्रांत त्याचा मोठा गाजावाजा झाला.

परंतु २००४ पासून २६.५ अंशांवर आफ्रिका व अमेरिका ह्यांच्या दरम्यान नांगरलेल्या उपकरणांची साखळी अखंड मापन करू लागली होती. तिच्या पहिल्याच वर्षाच्या नोंदीत प्रवाह सेकंदाला ४० लाख घनमीटरांपासून सुमारे ३.५ कोटी घनमीटरांपर्यंत हेलकावला. पन्नास वर्षांतील पाचही मापने एका वर्षाच्या चढउतारात सामावून गेली. पाच छेदांवरून काढलेली घट अशा रीतीने शंकास्पद ठरली. २००९-१० मध्ये मात्र अभिसरण खरोखरच सुमारे ३० टक्क्यांनी खाली आले व काही काळाने सावरले. पाठोपाठ उत्तर अटलांटिकचे वरचे थर थंडावल्याचे नोंदले गेले.

साधनांचीही परीक्षा घ्यावी लागली. फ्लोरिडा व बहामा ह्यांमधील प्रवाह १९८२ पासून समुद्रतळावरील दूरध्वनीच्या तारेत उत्पन्न होणाऱ्या विद्युद्दाबावरून मोजला जातो. खारे पाणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहते, त्यामुळे हा दाब निर्माण होतो. २०२४ मध्ये असे दाखविण्यात आले की, चुंबकीय क्षेत्राच्या मंद बदलाची दुरुस्ती केली असता ह्या प्रवाहाची दिसणारी घट नाहीशी होते. परिणामी सबंध अभिसरणाची मोजलेली घटही पूर्वीच्या अंदाजापेक्षा कमी भरते.

२००४ पूर्वीच्या काळासाठी संशोधकांना पुन्हा तापमानाकडेच वळावे लागले. लेव्के सेझार, श्टेफान राम्स्टॉर्फ व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ग्रीनलंडच्या दक्षिणेचा थंड पट्टा व अमेरिकेच्या किनाऱ्यालगतचा तापलेला पट्टा ह्यांची जोडी अभिसरणाची खूण म्हणून घेतली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून अभिसरण सुमारे १५ टक्क्यांनी मंदावल्याचा निष्कर्ष काढला. २०२० मध्ये एका जर्मन गटाने दाखविले की, थंड पट्ट्याला ढगांतील बदल आणि उत्तरेकडे वाढलेले उष्णतेचे वहन ह्यांसारखी अन्य कारणेही आहेत. २०२५ मध्ये टेरहार व सहकाऱ्यांनी समुद्र व हवा ह्यांमधील उष्णतेच्या देवघेवीवरून गणित करून, १९६३ ते २०१७ ह्या काळात अभिसरणात घट आढळत नाही, असे प्रतिपादिले. आंतरसरकारी मंडळानेही २०२१ मध्ये विसाव्या शतकातील बदलाच्या परिमाणावर अल्प विश्वास व्यक्त केला; एकविसाव्या शतकात अभिसरण मंदावेल हे मात्र अतिसंभवनीय ठरविले.

७. पृष्ठ तापते की निवते?

आता आरंभी उल्लेखिलेल्या मतभेदाकडे येता येईल. २०१८ मध्ये चेन शियानयाओ व तुंग का-किट ह्यांनी असे मांडले की, अभिसरण जोमात असते तेव्हा हरितगृह वायूंमुळे साचणारी जादा उष्णता ते खोल समुद्रात नेऊन ठेवते, म्हणून पृष्ठ कमी तापते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जागतिक तापमानवाढ मंद भासली, तिचे कारण हेच. उलट अभिसरण क्षीण झाले की उष्णता पृष्ठाजवळच राहते व हवा जलद तापते.

२०२० मध्ये सेझार, राम्स्टॉर्फ व फॉयलनर ह्यांनी ह्याचे खंडन केले. त्यांचा युक्तिवाद एलिसच्या बादलीपाशी येऊन पोचतो. खोल समुद्र थंड का आहे? उत्तरेत व अंटार्क्टिकाजवळ थंड पाणी बुडते म्हणून. उरलेल्या महासागरात वरची ऊब हळूहळू खाली मुरत असते. बुडणारे थंड पाणी तिला तोंड देते. तेव्हा जोमदार अभिसरण खोल समुद्राला थंड राखते व उत्तरेकडील हवेला उष्णता देऊन पृष्ठ तापविते. अभिसरण मंदावल्यास खोल समुद्र तापू लागेल आणि पृष्ठ तुलनेने थंड राहील. जागतिक तापमान, महासागरातील उष्णतेचा साठा आणि अभिसरणाच्या निरनिराळ्या खुणा ह्यांची सांख्यिकीय तपासणी करून, जग तापत असतानाही हा जुना नियम उलटलेला नाही आणि अभिसरणाच्या मंदतेने जागतिक तापमानवाढ लांबविली आहे, असे त्यांनी म्हटले.

दोन्ही पक्षांतील फरक तत्त्वाचा आहे तितकाच प्रमाणाचाही. बुडणारे पाणी पूर्वीपेक्षा किंचित कोमट झाले असेल, तर ते खाली जाताना जादा उष्णता नेते, हे पहिल्या पक्षाचे म्हणणे असत्य नाही. पण ते पाणी मुळात थंडच असते, ह्या दुसऱ्या पक्षाच्या मुद्द्याचे पारडे भौतिकीच्या दृष्टीने अधिक जड दिसते. प्रतिमानांतील प्रयोग व हिमातील नोंद ह्यांचाही कल त्याच बाजूस आहे. तथापि ह्या खंडनातही अभिसरणाची जी मालिका वापरली आहे, तिचा एक भाग तापमानावरूनच काढलेला आहे, हे दृष्टीआड करून चालणार नाही. अखंड प्रत्यक्ष मापनास २००४ मध्ये आरंभ झाला, आणि बियर्कनेस ह्यांचा भेद मान्य केला तर अभिसरणाचा प्रभाव दशकांच्या मापानेच ओळखू येतो. एवढ्या अल्प नोंदीवर अखेरचा निवाडा देणे घाईचे ठरेल.

८. उपसंहार

ह्या अडीच शतकांहून अधिक काळाच्या विचारातून काही गोष्टी स्थिर झाल्या आहेत. अभिसरणाची मंदता उत्तर अटलांटिक व त्याच्या आसपासच्या प्रदेशात हवेचे तापमान खाली ओढते, दक्षिणेकडे ते किंचित वर ढकलते आणि पर्जन्याचे पट्टे हलविते. जागतिक सरासरीवरील तिचा परिणाम ह्या प्रादेशिक परिणामांच्या मानाने लहान आहे. हरितगृह वायूंनी होणारी वाढ ती रद्द करीत नाही. काही प्रदेशांत ती वाढ झाकली जाते, एवढेच. आणि झाकलेली वाढ ही टळलेली वाढ नव्हे, कारण उष्णता खोल समुद्रात व दक्षिणेत साचतच असते.

भारताच्या दृष्टीने सरासरीपेक्षा ही वाटणीच अधिक महत्त्वाची आहे. उत्तर अटलांटिकचे तापमान युरेशियावरील वातावरणाच्या तापमानात फेर घडवून मान्सूनचा कालावधी लांबवू वा आखडू शकते, अशी कारणमीमांसा भूपेंद्रनाथ गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडली. उलट दिशेचा संबंधही सुचविला गेला आहे. हिंदी महासागर तापल्याने उष्ण कटिबंधीय अटलांटिकवरील पाऊस घटून तेथील पाणी खारे होते, आणि ते खारेपण उत्तरेस पोचून अभिसरणाला बळ देते, असे हू व फेडोरोव्ह ह्यांनी २०१९ मध्ये दाखविले. म्हणजे हा संबंध एकतर्फी नाही. दोन महासागर एकमेकांवर क्रिया करीत असतात.

एलिसच्या काळी एका बादलीतील पाण्यावरून सबंध महासागराच्या चालीचे अनुमान करणे भाग होते. आज त्याच अक्षांशांवर उपकरणांची साखळी आहे. तापमानावरून प्रवाह ओळखावयाचा आणि मग त्याच प्रवाहाने तापमानाचा उलगडा करावयाचा, ह्या वर्तुळातून बाहेर पडण्याचा मार्ग प्रवाहाचे स्वतंत्र व अखंड मापन हाच आहे. ती साखळी आणखी काही दशके अबाधित चालू ठेवणे, हे ह्या इतिहासातून पुढील पिढीवर येणारे काम होय.